बावीस सारख्या डायऱ्या

“काय हो बाई, या बावीस डायऱ्या एका बैठकीत भरल्यात, की मध्ये चहाला उठला होतात?”

मी असं विचारलं आणि ऑफिस हसलं. ऑफिस म्हणजे तिघं जण. टायपिस्ट, शिपाई आणि चांदवडकर. मला लोकांना हसवायची भारी हौस होती. आपण खुर्चीत बसलेले असलो आणि समोरचा माणूस उभा असला, की विनोद फार छान सुचतात. कधी करून बघा.

समोर कुसुम अढांगळे उभी होती. ठेंगणी, सावळी, तिशीची बाई. बोलताना सरळ डोळ्यांत बघायची. मला ते अजिबात आवडत नसे.

“एका बैठकीत कशा भरीन, साहेब? आठ दिवस रोज गेले मी तिथं.”

“अस्सं. आठ दिवस. आणि आठ दिवसांत बावीस घरांतल्या एकाही माणसाला रेडिओ पाच मिनिटं लवकर लावावासा वाटला नाही?”

पुन्हा सगळे हसले.

साल सांगतो, एकोणीसशे ब्याऐंशी. देशात रेडिओ कोण ऐकतं, किती ऐकतं, केव्हा ऐकतं याची मोजदाद चालली होती. काम दिल्लीहून निघालेलं, पण प्रत्यक्ष करायचं ते ठिकठिकाणच्या खाजगी संस्थांनी. आमची संस्था पुण्याची, ‘श्रोतावेध’ नावाची. नाव ऐकून वाटावं की काय दिव्य चाललंय! नाशिक जिल्ह्यासाठी भांड्यांच्या एका दुकानावर दोन खोल्या घेतल्या होत्या. खाली दिवसभर पितळेची ठोकाठोक आणि वर आम्ही देशाचा कान मोजत बसलेलो. मी छाननी अधिकारी. श्रीनिवास गुमास्ते, एम. एस्सी., संख्याशास्त्र, पहिला वर्ग. वय एकोणतीस आणि डोकं हवेनं गच्च भरलेलं.

कामाची पद्धत सोपी होती. पुण्याहून वस्त्या ठरवून यायच्या. वस्तीत दर तिसऱ्या घरी एक डायरी द्यायची. डायरीत सात दिवसांची सात पानं आणि प्रत्येक पानावर पहाटेपासून रात्रीपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. रेडिओ ऐकला त्या चौकोनात घरच्या माणसानं फुली मारायची. शेवटी एक रकाना: रेडिओ घरचा, शेजारचा की हॉटेलातला. आठवडा झाला की आमची माणसं डायऱ्या गोळा करून आणणार, मी तपासणार, आणि खऱ्या वाटल्या त्या पुण्याला जाणार. शितावरून भाताची परीक्षा, हाच आमचा धंदा. पण परीक्षा करणारा मी एकदाही चुलीपाशी गेलेला नव्हतो.

आता असल्या कामात काही हुशार लोक वस्तीत जायचा त्रासच घेत नाहीत. घरी पंख्याखाली बसून स्वतःच फुल्या मारतात. अशा डायऱ्यांना आम्ही ‘घरगुती’ म्हणायचो. घरगुती डायरी पकडण्यात माझा हात कुणी धरत नसे. एकच शाई, एकच हात, एकाच वेळच्या फुल्या दिसल्या की मी समजायचो. आमचे पुण्याचे संचालक कोटणीस तर बैठकीत म्हणायचे, “गुमास्त्यांच्या नजरेतून खोटा कागद सुटत नाही.” हे ऐकून मी इतका फुगत असे की काय सांगू.

आणि अढांगळे बाईंनी आणलेला गठ्ठा तर उघड्यावर पडलेल्या चोरीच्या मालासारखा होता. सिन्नरजवळची विड्या वळणाऱ्या बायकांची वस्ती. बावीस घरं, बावीस डायऱ्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, साडेबारा ते सव्वा, तीन फुल्या. गुरुवार कोरा. शुक्रवारपासून पुन्हा साडेबारा ते सव्वा, तीन फुल्या. सगळीकडे तेच. निळी शाई, एकच हात. आणि शेवटच्या रकान्यात बावीसच्या बावीस ठिकाणी लिहिलेलं: शेजारचा.

“बावीस घरं शेजारचा रेडिओ ऐकतात,” मी म्हणालो, “आणि शेजारी मात्र कुठं सापडत नाही. हा शेजारी राहतो कुठं, बाई? झाडावर?”

“साहेब, तिथं एकच...”

“एकच काय? एकच पेन होतं?”

चांदवडकर हसताना टेबलावर हात आपटायचा. त्यानं हात आपटला.

“त्यांना लिहिता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून फुल्या मी मारल्या. पण एकेकीला विचारून. आणि गुरुवारी त्यांचं...”

“गुरुवारी उपास असतो. कळलं. रेडिओचा.”

ती गप्प झाली. मला वाटलं, सापडली. तिला मात्र इतकंच कळलं होतं की या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही. हे तिला दोन मिनिटांत कळलं, मला माझ्याबद्दल कळायला त्याहून बराच वेळ लागला.

“साहेब,” ती म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर चला. एस. टी.नं तासाभराचा रस्ता आहे. साडेबाराला तिथं उभे राहा, डोळ्यांनी बघा. मग तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.”

“मी कागद तपासतो, बाई. वस्त्या फिरायला मी काही मतं मागणारा पुढारी नाही. माणसं खोटं बोलतात, कागद बोलत नाहीत.”

हे वाक्य मी खरंच बोललो. शपथ घेऊन सांगतो. वर चांदवडकरकडे बघून भुवया उडवल्या.

मग मी माझा चष्मा पुसला आणि चांदवडकरच्या गठ्ठ्यातली एक डायरी काढून तिच्यासमोर धरली. अरविंद चांदवडकर आमचा हिरा होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, प्रत्येक वाक्यात ‘साहेब’. त्याच्या डायऱ्या म्हणजे वाचत बसाव्या अशा. एका घरात पहाटे भक्तिगीतं, दुसऱ्या घरात फक्त बातम्या. एक पान पेन्सिलीनं, एक हिरव्या शाईनं, कुठं पोराच्या हातची वेडीवाकडी फुली. एका पानावर तर हळदीचं बोट उमटलं होतं.

“ही बघा,” मी म्हणालो. “याला म्हणतात स्वयंपाकघरात राहून आलेली डायरी. शिका जरा.”

तिनं ती डायरी हातात घेतली, नीट पाहिली, चांदवडकरकडे पाहिलं आणि परत ठेवली. चांदवडकर तेवढ्यात खिडकीतून खाली काहीतरी बघायला लागला होता. मला नजर असती तर मला तेव्हाच दिसलं असतं. पण उंटावरच्या शहाण्याला खालचं कुठं दिसतं!

“शेरा मारणार तुम्ही?” तिनं विचारलं.

शेरा म्हणजे काय, तिला ठाऊक होतं. ज्याच्या डायऱ्या घरगुती निघत, त्याच्या नावापुढं मी ‘अविश्वसनीय’ असं लिहायचो. ती यादी आमच्या सगळ्या केंद्रांवर जायची आणि पाहणीचं काम करणाऱ्या इतर संस्थाही ती मागून घ्यायच्या. एकदा त्या यादीत नाव गेलं की त्या माणसाला पुन्हा दारोदार फिरण्याचं कुठलंच काम मिळत नसे. आणि अढांगळे बाई गेली सहा वर्षं तेच करत होती. कुटुंबनियोजनाची पाहणी, पाण्याची पाहणी, मग आमची. आमच्याकडे तिच्या तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. चौथीनंतर तिला कायम करायचं ठरलं होतं.

“मी नाही मारत,” मी म्हणालो, “तुमच्या डायऱ्यांनीच मारलाय.”

“मी एकही घर चुकवलं नाही, साहेब. मला खोटी म्हणू नका. काम काढून घ्या हवं तर. पण खोटी म्हणू नका.”

आता ऐका माझं उत्तर. मी म्हणालो, “मग काय खरी म्हणू?” आणि तिच्यादेखत रजिस्टर उघडून तो शब्द लिहिला. खाली सही केली. ती शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत उभी राहिली, मग पिशवी घेऊन जिना उतरली.

कोटणिसांना मी फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ते खूश. बावीस डायऱ्यांची हकीकत त्यांनी परिपत्रकातच घातली. ‘बनावट नोंदी कशा ओळखाव्यात’ अशा मथळ्याखाली, माझ्या नावासकट. राज्यातल्या अकरा केंद्रांवर गेलं ते. कोल्हापूरच्या छाननीवाल्यानं मला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मी ते पत्र बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. काय माणसं होतो आम्ही!

पण नमुन्यात बावीस घरांचं भोक राहून चालत नाही. कोटणीस म्हणाले, “फेरपाहणी करायला हवी, गुमास्ते. आणि तुम्ही स्वतःच जा. खरी डायरी कशी भरून घेतात ते दिसू दे सगळ्यांना.”

झालं, हात दाखवून अवलक्षण. जाणं भाग होतं. तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, बावीस कोऱ्या डायऱ्या काखोटीला मारून मी त्या वस्तीवर पोचलो. कौलारू आणि पत्र्याच्या खोल्यांच्या तीन ओळी, सहासष्ट घरं. पहिल्या नमुन्याच्या घराची कडी वाजवली. उत्तर नाही. दुसऱ्याची वाजवली. नाही. तिसऱ्या घरी दार उघडंच, आत पाळण्यात मूल झोपलेलं, बाकी कुणी नाही. मला वाटलं, काय बेजबाबदार लोक आहेत! भरदुपारी दारं उघडी टाकून गेलीत कुठं? सवयच होती ती. कुणी भेटण्याआधीच मी त्याला नावं ठेवून मोकळा होत असे.

मग रेडिओ ऐकू आला. घड्याळात साडेबारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

मागच्या ओळीच्या टोकाला गोणपाटं शिवून मोठा मांडव घातला होता. त्याच्या सावलीत पन्नास-साठ बायका ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हातात कात्री. एका पालथ्या पिंपावर चामड्याच्या पिशवीतला रेडिओ. गाणं चाललं होतं आणि एकही बाई बोलत नव्हती. फक्त कात्र्या चालत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात पिंपाजवळच्या म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारच्या पोत्यावर बसायची खूण केली. मी बसलो. छाननी अधिकारी गोणपाटावर बसला.

दोन गाणी झाली. मग बायकांचा कार्यक्रम लागला. कुणी डॉक्टरीणबाई तान्ह्या मुलांच्या जुलाबावर सांगत होत्या. मीठ किती, साखर किती, पाणी किती. एका जागी एक पोरसवदा बाई पुटपुटत मोजायला लागली आणि सगळ्या मांडवानं वळून तिला गप्प केलं. मग पुन्हा गाणं. खरं सांगू? इतकं मन लावून रेडिओ ऐकणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाहीत. देशभरातल्या श्रोत्यांचे तक्ते करणारा मी, पण श्रोता प्रत्यक्ष बघितला तो त्या दिवशी, पहिल्यांदा.

सव्वा वाजले. म्हातारी उठली, कान पिळावा तसं बटण पिळून रेडिओ बंद केला, मागचं झाकण काढलं आणि चारही सेल पत्र्यावर उन्हात मांडून ठेवले.

“जरा ऊन लागलं की आनखी आटवडा जात्यात,” ती मला म्हणाली. “बोला सायेब. तुमी कारखान्याचं का रॉकेलचं?”

“रेडिओचं,” मी म्हणालो. “इथं रेडिओ किती जणांकडे आहेत?”

“हा येवढा. माज्या लेकीच्या लग्नात आनला व्हता जावयाला. त्यो म्हनला, मला नगं, घड्याळ पायजे. मग ऱ्हायला इथंच.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांनी कशाला घ्यावा? घरात बसून येकलीनं ऐकायचं व्हय? भुतावानी?”

सगळ्या हसल्या. मी नावं लिहायची वही काढली. म्हातारीचं नाव गोदाबाई वारुंगसे. घर सेहेचाळीस. दर तिसरं घर नमुन्यात, म्हणजे पंचेचाळीस आत, अठ्ठेचाळीस आत आणि सेहेचाळीस बाहेर. झाडावर राहणारा शेजारी हा असा समोर उभा होता. चहाचा कप पुढं करत होता.

“आणि गुरुवारी?” मी विचारलं.

“गुरवारी पानं वाटत्यात कारखान्यावर. रांगंत उभं ऱ्हावं का गानी ऐकावी? रेडू बंद त्या दिशी.”

चहा गुळाचा होता. मी दुसरा कप मागून घेतला. कपात तोंड लपवायला मिळत होतं म्हणून. बायकांना वाटलं, साहेबाला आवडला.

“ती कुसुमबाई न्हाई आली?” गोदाबाईनं विचारलं. “लई गुनाची बाई. आट दिस रोज यायची. हितं मांडवात समद्या दिसत असताना पुन्यांदा दारोदार जाऊन इचारायची, तू ऐकलंस का, तू ऐकलंस का. म्या म्हनलं, अगं बाय, हितंच तर बसल्या हायेत, कशापायी पाय झिजवतीस? तर म्हनली, साहेबांचा नेम हाय, घरी जाऊनच इचारायचं.”

तो नेम माझा होता. सूचनापत्रकात मीच घातलेला, नियम सात.

“दुसऱ्या कामावर आहे ती,” मी म्हणालो.

परतीच्या एस. टी.त बसल्याबसल्या मी दोन्ही बाजूंचा विचार केला. शिकलेल्या माणसाला हे बरं जमतं. नीचपणा करायच्या आधी तो दोन्ही बाजूंचा विचार करतो. खरं लिहायचं तर बावीस डायऱ्यांत साडेबारा ते सव्वा, तीन फुल्या, गुरुवार कोरा, शेजारचा. म्हणजे तिनं लिहिलं होतं तेच, अक्षरन् अक्षर. मग ते कोटणिसांना पाठवायचं. मग ते परिपत्रक. अकरा केंद्रं. कोल्हापूरचं पत्र. तिच्या नावापुढचा शेरा खोडायचा, खाली कारण लिहायचं आणि कारणाखाली माझी सही. एवढंच करायचं होतं. फार तर लोक दोन महिने हसले असते. पण दुसऱ्याला हसणाऱ्याला स्वतःवरचं हसू सोसत नाही.

ऑफिसात आलो तेव्हा चार वाजले होते. चांदवडकर एकटाच होता. त्यानं माझ्या काखेतल्या डायऱ्या पाहिल्या, कोऱ्या आहेत हे ओळखलं आणि उठून पंखा वाढवला.

“घरं बंद होती,” मी म्हणालो.

“असतातच, साहेब,” तो म्हणाला. “द्या इकडं. परवापर्यंत भरून देतो.”

“भरून म्हणजे?”

“भरून म्हणजे भरून.”

त्यानं टेबलाचा खण उघडला. आत चार रंगांची पेनं, पेन्सिली, खोडरबर आणि एक लहानशी पुडी. पुडीत हळद होती.

मी खुर्चीत बसलो. तो उभाच होता, पण या वेळी मला विनोद सुचला नाही. त्यानं एक डायरी घेतली आणि शाळामास्तरानं फळ्यावर गणित सोडवावं तसं मला समजावत भरायला लागला.

“हे घर सकाळचं करू. भक्तिगीतं, मग बातम्या. या घरी म्हातारा आहे असं धरा, तो शेतकी कार्यक्रम ऐकेल. सगळेच ऐकतात असं नाही दाखवायचं, साहेब, संशय येतो. ही बाई बुधवारी लग्नाला गेली, बुधवार कोरा. या घरी रेडिओ बिघडला शुक्रवारी, शनिवारी दुरुस्त. इथं पोरगा फुल्या मारतो, म्हणून डाव्या हातानं मारायच्या. हळद मात्र दहा डायऱ्यांमागं एकदाच. जास्त झाली की उगाच वाटते.”

“चांदवडकर, तुमच्या सगळ्याच डायऱ्या...?”

“सगळ्या, साहेब.”

“कधीपासून?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. “पहिल्या फेरीत मी येवल्याला खरोखर फिरलो होतो, साहेब. विणकरांच्या गल्लीत. तिथं मागाच्या खडखडाटात दिवसा कुणाला काही ऐकूच येत नाही. सगळ्यांच्या फुल्या रात्री साडेआठनंतर. तुम्ही तो गठ्ठा माझ्या अंगावर फेकलात. म्हणालात, माणसं अशी सारखी नसतात. पुन्हा करून आणा. मग मी बघत गेलो, तुम्ही काय पास करता, काय परत करता. दोन महिन्यांत कळलं साहेबांना काय पटतं ते. तेव्हापासून तेच आणतो.”

त्यात उद्धटपणा नव्हता. उलट अभिमान होता, चांगली सेवा केल्याचा. दीड वर्षं मी जे नाशिक जिल्ह्याचे श्रोते म्हणून पुण्याला पाठवत होतो, ते माझ्या आवडीनिवडीचे, माझ्या मापाचे श्रोते होते. जिल्हा कधी आलाच नव्हता त्यात. वस्त्या हिंडणारी एकच बाई होती आमच्याकडे आणि तिला मी खोटी ठरवून घालवली होती.

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. वाजवली नाही. मी काय केलं सांगू? मी पुढं सरकलो, एका डायरीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “इथं शास्त्रीय संगीत नको. विडी कामगार आहेत.”

“बरोबर, साहेब,” तो म्हणाला आणि ते खोडलं.

बावीस डायऱ्या तिसऱ्या दिवशी तयार झाल्या. आठवडा पुरा होईपर्यंत मी त्या खणात ठेवल्या, मग तपासल्या, पास केल्या, सही केली. पुण्याला इतक्या आवडल्या की त्यातली एक चौकट आखून अहवालात छापली. त्या अहवालाच्या आधारानं कुठले कार्यक्रम केव्हा ठेवायचे याच्या चर्चा झाल्या म्हणतात. परिसंवाद झाले. मी दोन परिसंवादांत बोललो. एकदा तर ‘श्रोत्यांच्या आवडीतील विविधता’ या विषयावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. चांदवडकर पुढच्या फेरीत पर्यवेक्षक झाला. शिफारस माझीच होती.

इथं थांबता आलं असतं तरी चाललं असतं. लबाडी काय, सगळेच करतात, अशी समजूत घालून म्हातारपण काढलं असतं. पण महिन्याभरानं ती आली.

दुपारची वेळ. मी, चांदवडकर, टायपिस्ट, शिपाई, सगळे जागेवर. जिन्यावर पावलं वाजली आणि अढांगळे बाई दारात उभी. मला वाटलं, आता ही बोंब मारणार. पण तिचा चेहरा बघितला आणि कळेना. ती खुशीत होती. नवं कोरं पातळ नेसली होती. आत येऊन तिनं मला वाकून नमस्कार केला.

“साहेब,” ती म्हणाली, “काल सिन्नरला गेले होते. गोदाबाई भेटल्या. म्हणाल्या, तुमचे साहेब येऊन गेले.”

मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो.

“म्हणाल्या, पाऊण तास बसले होते. गाण्याला मान डोलवत होते. चहा मागून घेतला दुसरा.” ती टायपिस्टकडे, शिपायाकडे बघून सांगत होती. “मी त्यांना म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हते? साहेब रागावतात, पण एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं. रात्रभर झोप नाही आली मला. तेवढा तो शेरा खोडला असेल ना साहेब? पुढची फेरी कधी आहे ते विचारायला आले.”

रजिस्टर माझ्यासमोर होतं. तिच्या नावाचं पान मला तोंडपाठ होतं. एक रेघ मारायची होती, फक्त एक. समोर चांदवडकर उभा होता, हाताची घडी घालून, अगदी नम्रपणे.

“घरं बंद होती, बाई,” मी म्हणालो.

ती हसली. खरंच हसली. तिला वाटलं, मी विनोद करतोय. माझी सवय तिला माहीत होती. आधी टोचायचं आणि मग पुढचं बोलायचं, असं असेल काहीतरी. हसतच ती वाट बघत उभी राहिली, की आता साहेब ते पान उघडतील.

“तिथं कुणी भेटलं नाही,” मी म्हणालो. “शेरा आहे तो आहे.”

हसू तिच्या चेहऱ्यावर आणखी थोडा वेळ राहिलं. बहुतेक ते काढायचं कसं ते तिला सुचलं नसावं. मग तिनं पदर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात, जणू मला एकट्यालाच आठवण करून द्यावी तसं म्हणाली, “साहेब, तुम्ही तिथं बसला होतात.”

मी मान खाली घालून समोरच्या डायरीवरच्या फुल्या मोजायला लागलो. ती गेली तेव्हाही मोजतच होतो.